देवदूतांच्या हातातली वाद्यं: ती खरी होती का, आणि चर्चमध्ये वाजत होती का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वस्त्रकलेच्या प्रबंधासाठी तुम्ही मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती धर्मवस्त्रांवर दिसणाऱ्या वाद्यांचा तक्ता करताय. हार्प, ल्यूट, फिडल, कर्णे, हातात धरायचे छोटे ऑर्गन, असं बरंच सापडलंय. तुमचं म्हणणं, कारागीर डोळ्यांसमोर असेल तेच काढणार, म्हणून या तक्त्यावरून त्या काळी चर्चमध्ये कोणती वाद्यं वाजत होती ते सांगता यावं. मार्गदर्शकांना ते पटत नाहीये, आणि त्यांचं नेमकं काय अडतंय हे तुम्हाला समजत नाहीये.

माझं काम जुन्या कापडांच्या जतनाचं आहे आणि त्यात चर्चच्या वस्त्रांशी बराच संबंध आला आहे. त्या अनुभवावरून सांगते: अडचण तुमच्या तक्त्यात नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतवलेत. कारागिराने काढलेलं वाद्य त्या काळी खरोखर अस्तित्वात होतं का, हा पहिला. ते वाद्य चर्चच्या उपासनेत वाजत होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं येतं. दुसऱ्याचं उत्तर या चित्रांतून मिळत नाही, आणि इतर पुरावे पाहिले तर ते बरंचसं 'नाही' कडे झुकतं. मग चर्चच्या कपड्यावर वाद्यं आली कशाला? माझ्या मते प्रबंधाचा खरा विषय तो आहे.

आधी एक मान्य करायला हवं. उत्तर कापडागणिक बदलतं. इंग्लंडचं १३२० चं भरतकाम आणि फ्रान्सचा १३८० चा विणलेला पडदा यांना एकच नियम लावता येत नाही. शिवाय तुकडा मूळ स्थितीत आहे की कापून शिवलेला, यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून सरसकट बोलण्याऐवजी मी ज्या मोजक्या वस्तूंबद्दल खात्रीने बोलू शकते, त्यांच्या आधारेच लिहिते.

तंत्राबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या तक्त्यात भरतकाम आणि टॅपेस्ट्री एकाच रकान्यात आहेत, ते वेगळे करा. भरतकामात कापड आधीच तयार असतं आणि चित्र सुईने त्यावर येतं. टॅपेस्ट्रीत चित्र हेच कापड असतं: रंगीत बाण्याचा धागा आपल्या भागापुरता जातो आणि तिथूनच मागे फिरतो. पैठणीचा पदर जवळून पाहिला असेल तर वेगळं समजवायला नको, तंत्र तेच आहे. भरतकामाला लागणारी सोन्याची तारही आपल्याला परकी नाही. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी पट्टी रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, म्हणजे आपली कलाबतूच.

आता मुख्य मुद्दा. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडचं भरतकाम युरोपात इतकं नावाजलेलं होतं की त्याला 'ओपुस अँग्लिकानुम', म्हणजे इंग्रजी काम, अशीच ओळख होती. १२९५ मध्ये पोपच्या खजिन्याची यादी झाली, त्यात अशा कामाचा उल्लेख शंभराहून अधिक वेळा येतो. त्याआधीची एक नोंद मॅथ्यू पॅरिस या इंग्रज मठवासी इतिहासकाराची आहे. १२४६ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूंच्या अंगावरचं सोन्याचं काम पाहिलं आणि तिथल्या मठाधिपतींना तसं काम पाठवायला सांगितलं. कशासाठी, हेही पॅरिस लिहितो: मिस्सेच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याच्या मुख्य उपासनेच्या वेळी घालायची वस्त्रं आणि 'गायनवृंदाचे कोप' सजवण्यासाठी. या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढून ठेवा.

कोप म्हणजे खांद्यावरून पायापर्यंत येणारा, पूर्ण पसरला तर अर्धवर्तुळ होणारा झगा. मिस्सा अर्पण करताना धर्मगुरू वेगळं वस्त्र घालत, त्याला चॅझुबल म्हणतात. कोप मिरवणुकीसाठी आणि सांज-सकाळच्या गायन-प्रार्थनांसाठी असे. सॅलिसबरीच्या प्रथेत, जी मध्ययुगीन इंग्लंडमध्ये दूरवर पाळली जात होती, मोठ्या सणाच्या दिवशी गायनवृंदाला चालवणारे प्रमुख गायक रेशमी कोप घालून उभे राहत. म्हणजे तुम्ही ज्या वस्त्रावरचे वाद्य वाजवणारे देवदूत मोजताय, ते वस्त्र कित्येकदा गाणाऱ्या माणसाच्या अंगावर असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक भरतकामाचा तुकडा आहे, सिंहासनावर बसलेल्या ख्रिस्ताचा. त्यावर 'योहान्निस दे थानेतो' हे नाव सुईनेच लिहिलेलं आहे. हा जॉन ऑफ थॅनेट कँटरबरीच्या मठातला मठवासी, तिथला प्रमुख गायक, १३३० मध्ये वारला. धर्मवस्त्रावर नाव भरून घेतलेला माणूस गाणारा निघावा, हे मला या विषयातलं फार मोलाचं वाटतं.

आता बोलोन्याचा कोप घ्या. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या मध्ययुगीन संग्रहालयात हा इंग्रजी भरतकामाचा कोप आहे, चौदाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. कमानींच्या दोन ओळी, एकीभोवती एक अर्धवर्तुळात, आणि प्रत्येक कमानीखाली ख्रिस्ताच्या जीवनातला एकेक प्रसंग. इंग्रज हातांनी त्यात कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा वधही घातलाय. दोन कमानींच्या मध्ये वर जी तिकोनी जागा उरते, तिथे देवदूत वाद्यं वाजवताना दिसतात. तुमच्या तक्त्यात या कोपच्या नोंदी सगळ्यात जास्त आहेत, ते बरोबरच आहे.

पण हा कोप होता कुठे? बोलोन्याच्या संत डॉमिनिकच्या चर्चमध्ये, डॉमिनिकन या धर्मबंधूंच्या संघाकडे. याच संघातले थॉमस अक्वायनस, ज्यांचा मृत्यू १२७४ मध्ये झाला, त्यांच्या लिखाणात चर्चमधल्या संगीताची चर्चा आहे. चर्च देवाच्या स्तुतीसाठी हार्प किंवा सॉल्टरी (पेटीवर तारा ताणलेलं छेडायचं वाद्य) यांसारखी वाद्यं वापरत नाही, हा मुद्दा तिथे उघड येतो. उत्तर देताना ते तो खोडून काढत नाहीत. उलट वाद्यांनी मन आत वळण्यापेक्षा नुसतं सुखावतं, असं कारण जोडतात. म्हणजे ज्या संघाच्या थोर विद्वानाने उपासनेत वाद्यं नसतात असं लिहून ठेवलं, त्याच संघाच्या चर्चमध्ये पुढे वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांनी भरलेला कोप मानाने ठेवला गेला, आणि यात कुणाला विसंगती वाटली नाही. 'जे दिसतं ते चर्चमध्ये वाजत होतं' हे गृहीतक इथेच थांबतं. ऑर्गन हा अपवाद. मोठ्या चर्चमध्ये तो होता आणि वाजतही होता. बाकी उपासनेचा आवाज मुख्यतः माणसाच्या गळ्याचा होता.

विसंगती का वाटली नाही, त्याचं कारण खुद्द मिस्सेत आहे. भाकर आणि द्राक्षरस पवित्र करण्याआधीच्या प्रार्थनेत धर्मगुरू म्हणतात की देवदूतांच्या साऱ्या समुदायाबरोबर आम्ही हे स्तुतिगीत गातो, आणि मग 'पवित्र, पवित्र, पवित्र' सुरू होतं. श्रद्धा अशी की त्या घडीला पृथ्वीवरचा गायनवृंद आणि स्वर्गातला गायनवृंद एकत्र गात असतात. खालचा अर्धा भाग चर्चमध्ये कानांनी ऐकू येत होता. वरचा अर्धा भाग ऐकू येण्याजोगा नव्हता, तो डोळ्यांना दाखवायचा होता. म्हणून भिंतीवर, खिडकीत, दगडात आणि कापडावर वाद्यं आली. लिंकन कॅथीड्रलमध्ये १२५६ ते १२८० च्या दरम्यान बांधलेल्या भागात दगडी देवदूत वाद्यं घेऊन बसलेत. तीच कल्पना भरतकामात आली, आणि तिथे ती चालती-फिरती झाली. गायक मिरवणुकीत पुढे चालला की त्याच्या पाठीवरचे देवदूतही चालत.

ही वाद्यं कारागिरांना सुचली कुठून? मोठा आधार बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचा. १५० व्या स्तोत्रात शिंग, तंतुवाद्यं, डफ, नृत्य, झांजा यांनी देवाचं स्तवन करा असं एकामागून एक येतं. वेगवेगळी वाद्यं हाती दिलेल्या देवदूतांची रांग करायला त्या स्तोत्राची यादीच पुरेशी होती. म्हणून एखाद्या कोपवर फुंकायची, छेडायची आणि आपटून वाजवायची वाद्यं शेजारी-शेजारी दिसली, तर तो एका मैफलीचा देखावा समजू नका. दुसरा आधार दावीद राजाचा. इशायाच्या झाडाच्या चित्रात, म्हणजे ख्रिस्ताची वंशावळ वेलीसारखी दाखवतात त्यात, दावीद हार्प घेऊन असतो. लंडनच्याच संग्रहालयातला लाल रेशमावरचा 'जेसी कोप' (जेसी म्हणजे इशाय, दावीदाचा बाप) त्याच विषयाचा आहे. तिथे हार्प ही दावीदाची ओळखखूण आहे. तुमच्या तक्त्यात ती देवदूताच्या हार्पबरोबर एकाच आकड्यात मोजली गेली आहे. ती वेगळी करा.

जागेचं महत्त्व कळायला बोलोन्याच्या शेजारी बटलर-बोडन कोप ठेवा. हाही लंडनमध्ये आहे: १३३० ते १३५० च्या दरम्यानचा, लाल मखमलीवर सोन्या-चांदीच्या तारेचं आणि मोत्यांचं काम. रचना तशीच, कमानींची. कमानींच्या मधल्या त्याच तिकोनी जागेत इथेही देवदूत बसलेत, पण त्यांच्या हातात तारे आहेत, वाद्य एकही नाही. म्हणजे ती जागा देवदूताची होती, वाद्याची नव्हती. आराखडा करणाऱ्याला तिथे स्वर्ग दाखवायचा असे. तो ताऱ्यांनी दाखवायचा की संगीताने, ही निवड त्याची किंवा काम देणाऱ्याची. तुम्ही फक्त वाद्यं असलेले कोप मोजलेत तर ही निवड तुम्हाला दिसणारच नाही. ताऱ्यांचे, रिकाम्या हातांचे, धूपपात्रं घेतलेले, सगळे देवदूत मोजा. मग वाद्यांच्या आकड्याला अर्थ येईल.

आता पहिल्या प्रश्नाकडे, वाद्यं खरी होती का. इथे तुमच्या बाजूने बोलायला मला आनंद वाटतो, कारण या कारागिरांचा हात आणि डोळा विलक्षण होता. स्टीपल अॅस्टन कोप पाहा, साधारण १३३० च्या आसपासचा, ऑक्सफर्डशरमधल्या त्याच नावाच्या गावच्या चर्चचा. त्यात घोड्यावर बसलेले देवदूत आहेत, एकाच्या हातात ल्यूट, दुसऱ्याच्या हातात हार्प. इंग्लंडच्या कलेत ल्यूटची जी अगदी सुरुवातीची चित्रं आहेत, त्यांत याची गणना होते. अरबी 'ऊद' वरून आलेलं हे वाद्य तेव्हा तिथे नवं होतं, तरी ते ओळखू येण्याइतकं नीट उतरलंय.

खरेपणाचा याहून मोठा दाखला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सिटोल नावाचं एक छेडायचं वाद्य मध्ययुगीन चित्रांत वारंवार येतं, पण प्रत्यक्षात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एकच शिल्लक आहे. शिकारीच्या आणि पानाफुलांच्या दाट कोरीवकामाने मढलेलं. पुढे राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात त्यावर तिचं राजचिन्ह आणि तिच्या मर्जीतला सरदार रॉबर्ट डडली याचं कुलचिन्ह आलं, आणि त्याचं व्हायोलिन करून टाकलं गेलं. ते रूपांतर झालं म्हणूनच बहुधा ते टिकलं. ही वस्तू नसती तर चित्रांतलं सिटोल कल्पनेतलं आहे असं कुणीही म्हणू शकलं असतं.

ओळखताना मी नावापासून सुरुवात करत नाही, आकार आणि हात यांच्यापासून करते. गज आहे का, की नखी? वाद्य खांद्याशी आहे की छातीवर आडवं? मानेचं टोक एकदम मागे मोडलेलं असेल तर ल्यूट, कोयत्यासारखं वळलेलं असेल तर बहुधा गिटर्न, ल्यूटसारखंच पण छोटं छेडायचं वाद्य. मान मुळीच नाही, नुसती पेटी आणि तिच्यावर तारा, ती छातीशी धरलेली, तर सॉल्टरी. एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा मागे भात्यावर असेल तर हातातला ऑर्गन. गाल फुगलेले आणि नळीचं तोंड कर्ण्यासारखं रुंद होत गेलेलं असेल तर शॉम, आपल्या सनईच्या कुळातलं. कमरेला लटकवलेली दोन छोटी नगारी दिसली तर ती नेकर्स, धर्मयुद्धांच्या काळात पूर्वेकडून तिकडे गेलेली. हे निकष वापरूनही नाव पक्कं होत नसेल तर 'छेडायचं तंतुवाद्य' एवढंच लिहा. उगाच नाव देण्यापेक्षा ते प्रामाणिक.

तारा मात्र मोजू नका. कारण टाक्यात आहे. चेहरे, केस, हात हे सगळं रेशमात, एका टाक्याचा धागा सुईने मधोमध चिरून त्यातून पुढचा टाका काढत भरलेलं असतं, स्प्लिट स्टिच. गालावर टाके गोल-गोल फिरवत नेतात, त्यामुळे उजेड पडला की गाल फुगीर दिसतो. हे काम इतकं बारीक की भिंगाखाली पाहताना वेळेचं भान राहत नाही. पण सगळा देवदूत तळहाताएवढा, त्याची हार्प दोन बोटांएवढी. प्रत्येक तारेला रेशमाची एक ओळ दिली तरी दोन ओळींच्या मध्ये जागा लागते. जितक्या मावल्या तितक्या तारा. त्यावरून त्या काळच्या हार्पला किती तारा होत्या हे सांगणं म्हणजे सुईच्या जाडीवरून वाद्यशास्त्र लिहिणं.

सोन्याच्या भागात आणखी एक फसगत होते. त्या काळचं इंग्रजी काम 'अंडरसाइड काउचिंग' चं. कलाबतू कापडावर आडवी ठेवायची, मागून तागाचा धागा वर आणून तिला कवेत घ्यायचा, आणि त्याच छिद्रातून परत खाली ओढायचा. कलाबतूचा इवलासा वळसाही त्याबरोबर मागे जातो. असं हजारो वेळा केलं की सोन्याचा पत्रा बिजागरीने जोडल्यासारखा वाकतो, म्हणून एवढा जड कोप अंगावर घडी पडून नीट उतरतो. पण जिथे जिथे धागा खाली ओढलाय तिथे खळगा दिसतो, आणि कारागीर ते खळगे मुद्दाम नागमोडी किंवा चौकटीच्या नक्षीत बसवत. फोटोत ही नक्षी वाद्यावरच्या कोरीवकामासारखी किंवा तारांसारखी वाटू शकते. उजेड एका बाजूने तिरका पाडून काढलेला फोटो असेल तर खळगे लगेच कळतात. संग्रहालयाकडे फोटो मागताना तसा आहे का, हे जरूर विचारा.

मग दुरुस्तीचा प्रश्न. यातल्या फार थोड्या वस्तू धडधाकट आपल्यापर्यंत पोचल्या. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, मठ बंद झाले, कोपांची गरज उरली नाही. काही बाहेरदेशी गेले, काही कापून वेदीच्या पुढचं आच्छादन झाले. स्टीपल अॅस्टन कोपही असाच कापून वेदीसाठी जोडलेला आहे. बटलर-बोडन कोपचे तर तुकडे करून वेगवेगळी वस्त्रं शिवली होती, एकोणिसाव्या शतकात ते जमवून पुन्हा कोप केला. कापताना शिवण वाद्यातूनच गेली असेल तर जे उरलं त्यावर नाव ठरवणं धोक्याचं. आणि जिथे नंतर कुणी रेशीम भरून जागा झाकली असेल, तिथे ते वाद्य चौदाव्या शतकाचं आहे की एकोणिसाव्या, हे उलट्या बाजूने पाहिल्याशिवाय ठरत नाही. मूळ टाक्यांच्या मागचा तागाचा धागा आणि दुरुस्तीचा धागा वेगळे ओळखू येतात. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे, त्यामुळे धाग्यात तसा रंग सापडला तर निकाल तिथेच लागतो.

इथवरचं सांगायचं तर: वाद्याचा आकार भरवशाचा, बारकावे कमी भरवशाचे, आणि वापर चर्चमधला नसून स्वर्गातला. यापुढे टॅपेस्ट्री, कारण तिथे संगीताचा अर्थच पालटतो.

फ्रान्समधल्या अँजे शहराच्या किल्ल्यात बायबलच्या शेवटच्या, जगाच्या अंताविषयीच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकावरची प्रचंड टॅपेस्ट्री आहे. अंजूचा सरदार पहिला लुई याने १३७० च्या दशकात ती करवून घेतली, आराखडे ब्रूजच्या जाँ बोंदोल या चित्रकाराचे, विणकामाची जबाबदारी पॅरिसच्या निकोला बाताय याची. मूळची लांबी सुमारे १४० मीटर आणि उंची सुमारे ६ मीटर होती, आज १०० मीटरच्या आसपास उरली आहे. लोकरीचं काम, एक दृश्य लाल जमिनीवर तर पुढचं निळ्या, असं आलटून-पालटून. बाजूला संत योहान, ज्याला हे सारं दर्शन झालं तो, उभा राहून सगळं पाहतोय.

या पुस्तकातलं संगीत दोन तऱ्हांचं आहे. एक स्तुतीचं: सिंहासनाभोवतीचे चोवीस वडील, प्रत्येकाजवळ तंतुवाद्य आणि धूपाची सोन्याची वाटी. दुसरं संहाराचं: देवाकडच्या मोहोरबंद गुंडाळीवरचा सातवा शिक्का फुटल्यावर स्वर्गात अर्धा तास स्तब्धता होते, मग सात देवदूतांना सात कर्णे दिले जातात. पहिला वाजतो आणि रक्तमिश्रित गारा व अग्नी पडतो. दुसरा वाजतो आणि समुद्रात जहाजं बुडतात, तिसऱ्यानंतर आकाशातून तारा कोसळतो. टॅपेस्ट्रीत हे प्रसंग एकामागून एक विणलेत. आणि पुढे बाबेल नगरी पडते तेव्हा पुस्तक म्हणतं की वादक, गवई, कर्णे वाजवणारे यांचा आवाज तुझ्यात पुन्हा ऐकू येणार नाही. संगीत थांबणं हीच तिथे शिक्षा आहे. तुमच्या तक्त्यात 'कर्णा: ७' असं एका ओळीत आलंय. तो कर्णा आणि बोलोन्याच्या देवदूताचं वाद्य यांच्यात हातातली वस्तू सोडली तर काहीही समान नाही. एक स्तुती करतंय, दुसरं जगाचा हिशेब मांडतंय.

या टॅपेस्ट्रीची आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. ती दोन्ही बाजूंनी सारखी विणलेली आहे, धाग्याची टोकं मागे लोंबत नाहीत. पैठणी ओळखणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिचे तुकडे झाले, थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरले गेले, तबेल्यात लावले गेले. एकोणिसाव्या शतकात एका धर्मगुरूने ते गोळा करून दुरुस्त करवले. पुढची बाजू फिकी पडली, मागची उजेडापासून वाचली, म्हणून मागच्या बाजूचे रंग पाहून माणूस थक्क होतो. साहजिकच मागच्या बाजूचे फोटोही पाहण्यात येतात, आणि त्यात डावं-उजवं उलटं असतं. कोणता हात कर्णा धरतोय यावर काही लिहिणार असाल तर आधी पाहा, फोटो कोणत्या बाजूचा आहे. टॅपेस्ट्रीत एरवीही हे सांभाळावं लागतं, कारण आडव्या मागावर विणकर मागच्या बाजूने विणतो आणि मूळ आराखड्याचं चित्र उलटं उमटतं. डावखुरा वादक दिसला की तो मागाचा परिणाम असण्याची शक्यता आधी तपासावी.

दोन छोट्या गोष्टी तक्त्यातून काढाव्या लागतील. काही नोंदींत 'वाद्यं घेतलेले देवदूत' म्हणून तुम्ही जे घेतलेत, त्यांच्या हातात भाला, स्पंज लावलेली काठी आणि खिळे आहेत. ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाची साधनं आहेत, त्यांचा संगीताशी संबंध नाही. संग्रहालयांच्या इंग्रजी वर्णनात दोन्हींना 'इन्स्ट्रुमेंट्स' हा एकच शब्द असल्यामुळे शोध घेताना ती तुमच्या जाळ्यात आली. दुसरं, १४१४ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातल्या ऑर्लियन्सच्या शार्लने झग्याच्या बाह्यांवर अख्खं गाणं स्वरलिपीसह भरून घेतलं, एका स्वराला चार मोती असे १४२ स्वरांना ५६८ मोती. नोंद सुंदर आहे, पण तो दरबारी कपडा. धर्मवस्त्रांच्या प्रबंधात तिला तळटीपेइतकीच जागा.

उलट एक गोष्ट तक्त्यात नाही ती घ्या: प्रत्यक्ष वाजणारं वस्त्र. बायबलमधल्या निर्गमाच्या २८ व्या अध्यायात महायाजक अहरोनाच्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घुंगरांची झालर सांगितली आहे, पवित्रस्थानात जाता-येता तिचा आवाज व्हावा म्हणून. मध्ययुगात काही कोपांना खरोखर अशी किणकिणती झालर लावत. कँटरबरीचे मठप्रमुख कॉनराड यांच्या कोपला चांदीच्या १४० घंट्या होत्या अशी नोंद आहे, म्हणजे बाराव्या शतकाची सुरुवात. चर्चमध्ये काय ऐकू येत होतं हेच तुम्हाला हवं असेल तर भरलेल्या ल्यूटपेक्षा या घंट्या तुम्हाला जास्त सांगतील.

तेव्हा तक्ता टाकून देऊ नका. त्यात चार रकाने वाढवा: वस्त्राचा प्रकार आणि ते कोण घालत असे, वस्त्रावर नेमकी जागा कोणती, शेजारी कोणता प्रसंग आहे, आणि त्या जागेचे टाके मूळचे आहेत की नंतरचे. चौथा रकाना फोटोवरून भरता येणार नाही. त्यासाठी संग्रहालयाच्या वस्त्रविभागाला वस्तूचा क्रमांक देऊन लिहा आणि जतन-अहवाल व उलट्या बाजूचा फोटो मागा. विद्यार्थ्यांना ते सहसा नाही म्हणत नाहीत, वेळ मात्र लागतो, म्हणून पत्र आत्ताच पाठवा. सुरुवात बोलोन्या आणि बटलर-बोडन या जोडीपासून करा. रचना एकच असल्यामुळे फरक लगेच हाती लागेल, आणि मार्गदर्शकांना दाखवायला पहिलं प्रकरण त्यातूनच तयार होईल.